तापाची रजा

कियामारी बंदर, कराची
ता. १८ जून १९३३

चि. सौ. पद्मजा हीस आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. हे उत्तर हेमावतीच्या पत्त्यावर टाकतोय. घरी टाकलं की अण्णा ओसरीवर बसून मोठ्यानं वाचणार, आई आतून ऐकणार, आणि तुला शेवटी नुसतं पाकीट मिळणार. तुझी ही मैत्रीण भली दिसते. तिला माझा नमस्कार सांग.

इंग्रजी सहावीत कोणते विषय घेऊ म्हणून विचारतेस. लग्न झालेल्या मुलीनं नवऱ्याचं मत घेऊन यावं असं हेडमास्तर म्हणाले म्हणतेस. त्यांना माहीत नाही वाटतं, की तुझा नवरा इंग्रजी दुसरीतून पळालेला आहे. त्यानंतर कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात पळाला, तिथून हुबळीला, आणि आता इथं गव्हाची पोती मोजतोय. पण मागितलंय तर देतो.

आमच्या गोदामाच्या बडेबाबूंना विचारलं. ते म्हणाले, हल्ली शास्त्राला मान आहे. पदार्थविज्ञान, रसायन वगैरे. संस्कृत तुला येतंच, ते ठेव. गणित सोडू नकोस. आणि त्या शरीरशास्त्राच्या जागी शास्त्र घे. शरीरशास्त्र मुली घेतात ते सोपं म्हणून, असं बाबूंचं म्हणणं.

मी खोलीत सगळ्यांना सांगून बसलोय, माझी बायको शास्त्र घेणार. आमच्यात एक रत्नागिरीचा खानसामा आहे. तो म्हणाला, म्हणजे दारू उडवणार काय ती? म्हटलं, व्हय, पहिली तुझ्या चुलीखाली.

बाकी ठीक. पोती चढतात, पोती उतरतात. लई कंटाळा येतो.

मुकुंद

सोलापूर
ता. १४ जुलै १९३३

इकडील स्वारीस पद्मजेचा सादर नमस्कार.

पत्र हेमावतीनं भूगोलाच्या तासाला नकाशाच्या गुंडाळीतून दिलं. कराची कुठं आहे तेही तिनंच दाखवलं.

विषय लिहून दिले. इंग्रजी, मराठी, संस्कृत, गणित, इतिहास-भूगोल आणि शरीरशास्त्र. शास्त्र घेतलं नाही. रागावू नये. प्रयोगाच्या खोलीत वास फार येतो, माझं डोकं चढतं. खोलीत सगळे मुलगे, आम्ही मुली तिघीच. आपल्या मित्रांना काहीतरी सांगावं.

आमच्या शाळेची पद्धत आपल्याला ठाऊक नसेल म्हणून लिहिते. मॅट्रिकला आपण होऊन बसता येत नाही, शाळेनं पाठवावं लागतं. हेडमास्तर सातवीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात, दिवाळीनंतर चाचणीचे मार्क बघतात आणि दोन वर्षांची हजेरी बघतात. दोन्हींत बसेल त्याचंच नाव पुढं जातं.

अण्णा फी वेळेवर देतात. माझ्या वडिलांना त्यांनी लग्नात शब्द दिला होता, मुलीला मॅट्रिकपर्यंत शिकवू म्हणून. वडील गेले तरी शब्द चालू आहे. सासूबाई म्हणतात, "शब्द ह्यांनी दिला, आणि पाळायचा मी होय गं?" असं म्हणतात आणि माझ्या वाटणीची भांडी घासायला बसतात.

आपण एका जागी टिकून राहावं, एवढंच मागणं.

आपली
पद्मजा

रोहरी
ता. २ ऑक्टोबर १९३३

चि. सौ. पद्मजा हीस आशीर्वाद.

वरचा पत्ता बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. बंदरावर मुकादमाशी वाजलं. इथं रेल्वेच्या कामावर हजेरीबाबू आहे. म्हणजे दुसऱ्यांची हजेरी मी मांडतो. शाळेत असताना माझी कुणी मांडली नाही, कारण मी नसायचोच.

वासाचं कारण मला पटलं नाही. तू मोरीच्या शेजारी बसून पाठ करणारी बाई. अण्णांनी तर नको म्हटलं नाही ना? तसं असेल तर सांग, मी त्यांना लिहितो. खोलीतल्या लोकांना काही सांगावं लागलं नाही, कारण खोलीच सुटली.

आणि अण्णांच्या पत्रात एक वाक्य होतं, "सूनबाईस वरचेवर ताप येतो, शाळेत रजा द्यावी लागते." हे तू मला का लिहिलं नाहीस? काढा घेतेस का? उत्तर लौकर दे.

मुकुंद

सोलापूर
ता. ८ नोव्हेंबर १९३३

इकडील स्वारीस सादर नमस्कार.

तापाची काळजी करू नये. येतो आणि जातो. काढ्याची गरज नाही.

अण्णांनी शास्त्राला नको म्हटलेलं नाही. त्यांना उगाच काही लिहू नये.

एक गंमत सांगते. अण्णांचे रजेचे अर्ज शाळेत गाजताहेत. कोर्टातल्या हेडक्लार्कचा हात. "माझी स्नुषा ज्वराने आजारी असल्याकारणाने चार दिवस गैरहजर राहिली, तरी तिची रजा मंजूर व्हावी, ही विनंती." खाली मोत्यासारखी सही. हेडमास्तरांनी मागच्या महिन्यात अर्जलेखन शिकवताना तोच वर्गाला वाचून दाखवला, की अर्ज असा असावा. हेमावतीनं पदर तोंडात कोंबला. मी फळ्याकडे बघत बसले.

गणितात पहिल्या पाचांत आले. संस्कृतात पहिली. दिवाळीला आपण आला नाहीत, सासूबाईंनी करंज्या डब्यात ठेवल्या आहेत. त्या आता खवट झाल्या, पण टाकू देत नाहीत.

आपली
पद्मजा

कराची
ता. ११ जुलै १९३४

चि. सौ. पद्मजा हीस आशीर्वाद.

मधल्या काळात माझं पत्र नाही, तुझंही दोनच ओळींचं. मी रोहरी सोडली. परत बंदरावर आहे, मुकादम बदलला म्हणून.

अण्णांचं पत्र काल आलं. तेव्हापासून जेवण गेलेलं नाही. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून सांगितलं म्हणे, मुलीला दर महिन्याला ताप येतो, हे लक्षण बरं नव्हे, छाती तपासून घ्या. डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय मॅट्रिकला नाव पाठवणार नाही. आणि तोवर तुला शेवटच्या बाकावर एकटीला, खिडकीशी बसवलंय. अण्णा लिहितात, "काळजीचे कारण नाही." का नाही, ते लिहीत नाहीत. मी त्यांचा मुलगा आहे, त्यांचं असं गोल लिहिणं मला कळतं.

तो रत्नागिरीचा खानसामा होता ना, मी तुला लिहिलेला. तो माघात गेला. त्यालाही असंच व्हायचं. चार दिवस अंग कोमट, मग आठवडे चांगला, चेष्टा करायचा, परत चार दिवस. आम्ही म्हणायचो काही नाही, येतो आणि जातो. तुझ्या पत्रातले शब्द हेच आहेत, मी ते पत्र काढून बघितलं.

शास्त्र न घेण्याचं कारण हेच काय? त्या वासानं खोकला यायचा का? मला सरळ सांग. तुम्ही सगळे मिळून मला लांब बसलेला म्हणून फसवू नका. मी रागावणार नाही. तुला काही झालं असेल तर मी येतो.

मुकुंद

सोलापूर
ता. ३ ऑगस्ट १९३४

इकडील स्वारीस सादर नमस्कार.

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. नवऱ्याला असलं काही लिहायचं नसतं असंच ऐकत आले. पण खानसाम्याचं वाचलं, आणि मग न लिहिणं हे पाप वाटलं.

मला ताप येत नाही. कधीच येत नव्हता. दर महिन्याला कावळा शिवतो आणि मी चार दिवस मागच्या खोलीत बसते. सासूबाई मला त्या दिवसांत उंबरा ओलांडू देत नाहीत, मग शाळा तर लांबच. रजेला कारण काय लिहायचं? अण्णांना खरं लिहायला लाज वाटली. लिहिलं ताप. पुढच्या महिन्यात परत ताप. सगळा प्रकार इतकाच आहे. आपण याच घरात वाढलात, आपल्या ध्यानात येईल असं मला वाटलं होतं.

शास्त्र मला हवं होतं. सगळ्यांत जास्त तेच हवं होतं. पण प्रयोगाचा तास एकदा चुकला की परत मिळत नाही, आणि माझे तर दर महिन्याला चुकणार. म्हणून घरी बसून पाठ करता येतील असे विषय निवडले. तिकडे बडेबाबू शास्त्राचा मान बघत होते, मी इकडे मागच्या खोलीत काय वाचता येईल ते बघत होते. शरीरशास्त्राच्या पुस्तकात जठर आहे, मूत्रपिंड आहे, हाडांची तर सगळी नावं आहेत. याबद्दल एक ओळ नाही.

हेमावतीला सगळं ठाऊक आहे. ती विणकरांच्या घरातली, त्यांच्याकडे एवढं बघत नाहीत, ती रोज शाळेत येते. पण हेडमास्तरांना ती तरी कसं सांगणार? आता तिलाही माझ्याजवळ बसायची बंदी आहे. मुलगे माझ्या बाकाजवळून जाताना नाकाला धोतराचं टोक लावतात.

अण्णांनी तोड काढली आहे. ओळखीच्या वैद्यांकडून जीर्णज्वराचा दाखला घ्यायचा. दाखला असला की हेडमास्तर ते दिवस माफ करतील आणि नाव पाठवतील. पण मी मॅट्रिक कशासाठी करते आहे, ते आज लिहूनच टाकते. मला मास्तरीण व्हायचंय. आपली नोकरी दर पत्राला बदलते, अण्णांची पेन्शन दोन वर्षांवर आली. मास्तरीण घेताना प्रकृती विचारतात. कागदोपत्री जीर्णज्वर लागलेल्या बाईच्या हाती आपली पोरं कोण देईल? म्हणजे दाखला घेतला तर परीक्षा मिळते, आणि परीक्षेचा उपयोग जातो.

आपल्याला काही सुचत असेल तर लिहावं. अण्णांना खाली बघावं लागू नये, एवढं सांभाळावं.

आपली
पद्मजा

कराची
ता. २० ऑगस्ट १९३४

चि. सौ. पद्मजा हीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग बसून राहिलो. घरात वाढलो हे खरं. आई कोपऱ्यात बसलेली दिसायची, आम्हा पोरांना कुणी जवळ जाऊ द्यायचं नाही, आणि त्या दिवसांत अण्णांच्या हातचा कच्चा भात. पण तुझ्या पत्रातल्या तापाशी ते जोडायचं डोक्यात आलं नाही.

नोकरीबद्दल लिहिलंस ते वाचलं.

मी काल हेडमास्तरांना सरळ पत्र टाकलं. बडेबाबूंकडून इंग्रजीत करून घेतलं नाही, कारण मग ते त्यांना दाखवावं लागलं असतं. मराठीतच लिहिलं: "माझी बायको आजारी नाही. आमच्या घरी बायका महिन्यातून चार दिवस बाजूला बसतात तशी ती बसते. वडलांना लिहायला संकोच वाटला म्हणून ताप लिहिला, त्यात फसवायचा हेतू नव्हता. तुमच्याही घरी असंच असेल. तिला बाकावर इतरांसारखं बसवावं आणि परीक्षेला पाठवावं. मी तिचा पालक आहे आणि हे जबाबदारीनं लिहितो."

तू म्हणशील अण्णांचं काय. मला दुसरं सुचलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी सगळे किती थकलेत ते बघ. शहाणा माणूस असेल तर वाचून फाडून टाकेल आणि तुझं नाव पाठवेल.

मुकुंद

सोलापूर
ता. २२ नोव्हेंबर १९३४

इकडील स्वारीस सादर नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण काय होतं ते बघून लिहावं म्हटलं. आता झालं.

आपलं पत्र पोचल्यावर हेडमास्तरांनी मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शिपाई आला आणि म्हणाला, बाई, पहिल्या जागेवर बसा. हेमावतीनं बाकावर हातरुमाल अंथरला, महाराणी आल्यासारखा. मला वाटलं, सुटले.

दिवाळीनंतर यादी लागली. मुलींत मी पहिली, सगळ्यांत चौथी. परीक्षेला पाठवायच्यांत माझं नाव नाही.

अण्णा भेटायला गेले. आपलं पत्र त्यांच्यासमोर पालथं ठेवून हेडमास्तर म्हणाले, "गंगाधरपंत, हे मी दप्तरी लावू शकत नाही." नियमांत रजेची कारणं छापली आहेत. आजार आहे, घरातला मृत्यू आहे, देवीची साथ आहे. हे नाही. आजार असता तर दिवस माफ केले असते, तशी त्यांची तयारीही होती. पण आजार नाही असं नवऱ्यानंच जबाबदारीनं लिहून दिलं. म्हणजे मी दोन वर्षं दर महिन्याला कारणाशिवाय गैरहजर. आणि वर सासऱ्यांचे अर्ज खोटे.

ते वाईट माणूस नाहीत. अण्णा उठताना त्यांनी पत्र परत दिलं, म्हणाले घरी ठेवा, इथं कारकून वाचतात.

अण्णा दोन दिवस कचेरीत गेले नाहीत. स्वतःच्या रजेच्या अर्जात काय लिहिलं म्हणून सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाले, ताप. त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. आपल्याला पत्र घालणार नाहीत, तेव्हा वाट बघू नये.

आपण खरं लिहिलंत. माझं वर्ष गेलं. रागावले नाही असं लिहिता येईल, पण या घरातून खोटं लिहून झालंय तेवढं पुष्कळ आहे.

पद्मजा

कराची
ता. ९ डिसेंबर १९३४

चि. सौ. पद्मजा हीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोन वेळा तिकिटाच्या खिडकीपर्यंत जाऊन आलो. येऊन तरी काय करणार? हेडमास्तरांशी भांडलो तर तुझं पुढचं वर्षही जाईल.

पुढचं वर्ष आहे का, एवढं कळव. नसेल तर तसं कळव.

मुकुंद

सोलापूर
ता. ५ ऑगस्ट १९३५

इकडील स्वारीस सादर नमस्कार.

पुढचं वर्ष आहे. जूनमध्ये फीची पावती माझ्या पुस्तकांवर ठेवलेली सापडली. अण्णा सासूबाईंना म्हणाले, "शब्द मॅट्रिकपर्यंतचा आहे. ती मॅट्रिक झालेली नाही." अजून माझ्याशी बोलत नाहीत.

परत सातवीत बसते, आणि परत बसणाऱ्याची हजेरी त्याच वर्षाची धरतात. सगळं पाठ आहे, कंटाळा येतो. शास्त्र घेता येतं का म्हणून विचारलं, पण ते दोन वर्षांचं आहे, मध्येच धरता येत नाही. हेमावती पास झाली. तिचं लग्न ठरलंय, सिकंदराबादला. यापुढे आपलं पत्र घरीच टाकावं. अण्णा आता वाचत नाहीत, कोनाड्यात ठेवतात.

खरं कारण लिहिण्याचं वेगळंच आहे. शाळा सुरू झाली त्या महिन्यात मी नेहमीसारखी मागच्या खोलीकडे निघाले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुठं निघालीस? शाळेची वेळ झाली."

मी म्हटलं, "पण मला..."

तर म्हणाल्या, "मला हल्ली दिसत नाही बाई. कोण बाजूला आहे आणि कोण नाही, मला काही कळत नाही. चुलीकडे आणि देवाकडे तेवढी येऊ नकोस. जा."

मी गेले. संध्याकाळी आले तर मधल्या घरात गोमूत्र शिंपडलेलं होतं. त्याबद्दल त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही. जुलैतही तसंच झालं. सुईत दोरा त्या अजून स्वतः ओवतात.

आपली
पद्मजा

कराची
ता. २१ ऑगस्ट १९३५

चि. सौ. पद्मजा हीस आशीर्वाद.

आईचं वाचलं आणि हे माझ्याच आईबद्दल आहे का म्हणून परत वाचलं. वाळत घातलेल्या सोवळ्याला आमचा हात लागला तर ते परत भिजवणारी बाई ती. मला तिनं मुंजीनंतर वर्षभर चुलीपाशी सदरा घालून फिरकू दिलं नाही.

तिला काही विचारू नकोस. आभारही मानू नकोस, बिचकेल. चाललंय तसं चालू दे.

मी इथंच आहे. मुकादम परत बदललाय, आधीच्यापेक्षा वाईट आहे. पण हलायचासुद्धा कंटाळा आला. लई वर्षं हललो.

मुकुंद

सोलापूर
ता. २८ मार्च १९३६

इकडील स्वारीस सादर नमस्कार.

पेपर संपले. हजेरीत बसले, नाव गेलं, परीक्षा झाली. भूमितीत एक प्रमेय अर्धं राहिलं. इतिहास बरा. बाकीच्यांबद्दल आज विचारू नये, मला झोप येते.

पण एक लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

पहिल्या पेपरच्या सकाळीच मी बाजूला झाले. बरोबर त्याच दिवशी. पोटात कळा येत होत्या आणि सासूबाईंना फसवावंसं वाटेना. दारातूनच म्हटलं, "सासूबाई, आज माझा पहिला दिवस आहे. मी लांबूनच नमस्कार करते." हे असं उघड सांगितल्यावर त्यांना दिसत नाही म्हणायला जागा उरली नव्हती.

त्या सोवळ्यात होत्या, देवाचं अजून व्हायचं होतं. दह्याची वाटी घेऊन दारात आल्या. वरून टाकतील म्हणून मी तळहात लांब, खाली धरला. त्यांनी माझं मनगट धरलं, हात वर ओढला, तळव्यावर दही ठेवलं आणि बोटं माझ्याच बोटांनी मिटवली. म्हणाल्या, "सांडशील. नीट चाट. आणि येताना उन्हातून येऊ नकोस."

मी चपला घालत होते तोवर मागं मोरीत तांब्यांचा आवाज सुरू झाला. त्या परत न्हात होत्या. नैवेद्याला त्या दिवशी उशीर झाला, आणि अण्णा कचेरीत उपाशी गेले.

दुसऱ्या दिवशीही दही. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशीही. दर वेळी हातात हात, आणि दर वेळी मोरीत पाणी.

निकाल जूनमध्ये.

आपली
पद्मजा

कराची
ता. ६ एप्रिल १९३६

चि. सौ. पद्मजा हीस आशीर्वाद.

पत्र कामावर पोचलं, पोत्यांवर बसून वाचलं. निकाल लागेल तेव्हा लागेल. तुला झोप लागली असेल अशी आशा आहे.

मला एकच कळव. आईच्या त्या दुसऱ्या अंघोळीला पाणी तापवलेलं होतं का? तुला बंबाला हात लावायचा नव्हता, आणि ती स्वतःसाठी दुसऱ्यांदा बंब पेटवणारी नव्हे. म्हणजे आडाचंच घेतलं असणार, चारही दिवस. सोलापुरात ऊन पेटलं तरी आडाचं पाणी सकाळी गारच असतं. तिला विचारलंस तर गरम होतं म्हणेल. ती खालून उठताना गुडघा धरते का ते बघ, म्हणजे समजेल.

तू आता मागच्या खोलीत बसायचं की नाही ते तू आणि ती ठरवा. पण यापुढे तिला परत न्हायची वेळ आली तर बंब अण्णांना पेटवायला सांग. मी सांगितलंय म्हणून सांग. ते बोलणार नाहीत. न बोलता पेटवतील. लाकडं कुठं असतात ते त्यांना ठाऊक आहे.

मुकुंद